माशाची भूक आणि आपले ताट



चातुर्मासात आमच्या स्वाध्याय मंडळात दरवर्षी एखादा तरी प्रश्न असा निघतो, ज्याचे उत्तर पोथीत सरळ सापडत नाही. यंदा तो टोमॅटोवरून निघाला. "टोमॅटोत माशाचे जीन घालतात म्हणे. मग आपण तो खायचा की नाही?" एकीने विचारले आणि लगेच तिघींनी आपापल्या मोबाईलवर तोच मेसेज दाखवला. त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी तिला माशांच्या वाढीच्या जनुकावर काम करायची संधी मिळत होती. "मावशी, घेऊ का गं?" असे तिने विचारले.

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. दोन्हींचे उत्तर द्यायचे तर आधी घडले काय ते नीट माहीत हवे. म्हणून आज पाककृती नाही, व्रताची माहितीही नाही. आज इतिहास.

मासा आपला कोण?

"आपण मासे खातच नाही, मग आपल्याला काय त्याचे?" असे काही जणी म्हणतील. पण आपल्या घरात मासा पहिल्यापासून आहे. दिगंबर परंपरेत तीर्थंकरांच्या मातेला पडणाऱ्या सोळा स्वप्नांत माशांची जोडी आहे. अठरावे तीर्थंकर अरनाथ भगवान यांचे लांछन मासा आहे. आपल्या श्वेतांबर भगिनींच्या अष्टमंगलातही मीनयुगल असते. शास्त्र माशाला पंचेंद्रिय तिर्यंच म्हणते, त्यातला जलचर. म्हणजे स्पर्श, चव, वास, दृष्टी, श्रवण ही पाचही इंद्रिये असलेला जीव.

माशाला वेदना होतात का यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षे वाद चालला. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाजवळ इजा ओळखणाऱ्या चेतापेशी असल्याचे दाखवले, तेव्हा त्या वादाला नवे वळण लागले. आपल्याकडे आजी पाणी गाळायची, गाळण्यात राहिलेले जीव त्याच विहिरीच्या पाण्यात हळूच परत सोडायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या जलचराची एवढी काळजी घेणाऱ्या घरात माशाचा प्रश्न परका कसा असेल?

राजदरबारातही हा प्रश्न पूर्वी पोचला आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात न मारण्याच्या प्राण्यांची मोठी यादी आहे. चातुर्मासाच्या ठरावीक पौर्णिमांना आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत, असा त्यात आदेश आहे. त्याच लेखात कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये असेही सांगितले आहे आणि बैल, बोकड, मेंढे यांच्या बाबतीत ठरावीक दिवशी ते करायला मनाई केली आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यानंतर अठराशे वर्षांनी, 1583 साली, आचार्य हीरविजयसूरी अकबराच्या भेटीला फत्तेपूर सिक्रीला पायी गेले. त्यांच्या सांगण्यावरून बादशहाने पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्या बंद केली आणि तिथल्या डाबर तलावातली मासेमारी थांबवली.

बर्फाच्या पाण्यातला मासा

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. तिची सुरुवात थंडीपासून होते.

समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही, उणे 1.9 अंशाच्या आसपास गोठते. साध्या माशाचे रक्त मात्र त्याच्या आधीच, उणे 0.8 अंशाजवळ गोठायला हवे. मग दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाळ पाण्यात मासे जगतात कसे? 1960 च्या दशकात आर्थर डीव्ह्रीस या अमेरिकन संशोधकाने अंटार्क्टिकात राहून याचे उत्तर शोधले. त्या माशांच्या रक्तात एक प्रथिन असते. ते बर्फाच्या अगदी बारीक कणाला चिकटते आणि त्याला मोठे होऊ देत नाही. फ्रीजमधले आइस्क्रीम एकदा वितळून पुन्हा गोठले की दाताखाली कचकच लागते ना, ती बर्फाचे कण मोठे झाल्यामुळे. माशाच्या रक्तात ती कचकच होऊ नये याची सोय निसर्गाने केलेली आहे.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर हिवाळ्यात समुद्र इतका थंड होतो की पिंजऱ्यात पाळलेला सॅल्मन मरतो. (आपल्याकडे मुंबईत रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण तो मासा वेगळा.) तिथल्या मेमोरियल विद्यापीठातले गार्थ फ्लेचर आणि चॉय ह्यू यांनी 1980 च्या दशकात विचार केला, की थंडी सोसणाऱ्या माशाचे जनुक सॅल्मनमध्ये घातले तर? ते जनुक घालून पाहिले, पण सॅल्मनच्या अंगात ते प्रथिन पुरेसे तयार होईना. थंडीचा प्रश्न तसाच राहिला. हाती मात्र दुसरेच काही लागले.

1982 साली अमेरिकेत उंदराच्या गर्भात घुशीच्या जातीच्या प्राण्याचे वाढीचे जनुक घालून दुप्पट आकाराचा उंदीर तयार केला होता. त्याचे फोटो जगभर छापून आले. 1985 साली चीनमध्ये वुहानच्या जू झुओयान यांनी गोल्डफिशमध्ये माणसाच्या वाढीच्या संप्रेरकाचे जनुक घातल्याचे प्रसिद्ध केले. मग न्यूफाउंडलंडच्या मंडळींनीही थंडी सोडून वाढीचा रस्ता धरला.

गॅसचे बटण

त्यांनी केले ते आपल्या भाषेत सांगते. चिनूक नावाचा सॅल्मनचाच एक मोठा भाऊबंद आहे. त्याच्या वाढीचे जनुक घेतले, तो झाला बर्नर. थंड पाण्यातल्या ओशन पाउट या माशाच्या गोठणरोधक जनुकाचे फक्त चालू-बंद करणारे टोक घेतले, ते झाले बटण. दोन्ही जोडून अटलांटिक सॅल्मनच्या अंड्यात घातले. साध्या सॅल्मनमध्ये हिवाळ्यात वाढीचे संप्रेरक कमी होते, त्याचा गॅस ऋतूप्रमाणे मंद होतो. या नव्या सॅल्मनचा गॅस बारा महिने चालू. साधा पाळीव सॅल्मन विक्रीच्या वजनाला यायला अडीच ते तीन वर्षे घेतो, हा दीड वर्षात येतो. 1989 साली घडवलेल्या एका माशापासून ही सगळी वंशावळ सुरू झाली.

अ‍ॅक्वाबाउंटी या कंपनीने 1995 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज केला. निर्णय यायला 20 वर्षे लागली. गंमत अशी, की माशात घातलेले जनुक तपासण्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. म्हणून ते "जनावराचे नवे औषध" या कायद्याखाली तपासले गेले. 19 नोव्हेंबर 2015 रोजी परवानगी मिळाली. जनुक बदललेल्या प्राण्याला माणसाच्या खाण्यासाठी मिळालेली ही जगातली पहिली परवानगी. 2016 मध्ये कॅनडानेही दिली आणि 2017 मध्ये तिथे सुमारे साडेचार टन मासा विकला गेला. पाकिटावर तसे लिहिण्याची कायद्याने सक्ती नव्हती, त्यामुळे कोणाच्या ताटात तो गेला हे खाणाऱ्यालाही कळले नाही.

अमेरिकेत लेबलच्या वादामुळे विक्री आणखी अडली. इंडियाना राज्यात जमिनीवरच्या टाक्यांत वाढवलेला मासा 2021 मध्ये बाजारात आला. अनेक मोठ्या दुकानांनी तो विकणार नाही असे आधीच जाहीर केले होते. मच्छीमारांच्या संघटना, पर्यावरणवाले आणि क्विनॉल्ट ही तिथली आदिवासी जमात कोर्टात गेली. सॅल्मन हा या लोकांचा अन्नदाता आणि पूज्यही. नोव्हेंबर 2020 मध्ये न्यायाधीशांनी म्हटले, की हा मासा निसटून मोकळ्या पाण्यात गेला तर काय होईल याचा विचार प्रशासनाने पुरेसा केलेला नाही. परवानगी रद्द झाली नाही, पण अभ्यास पुन्हा करा असे सांगितले. शेवटी पैशाचे गणित जमले नाही आणि डिसेंबर 2024 मध्ये कंपनीने मासे वाढवण्याचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. 35 वर्षांची मेहनत आणि शेवट असा.

मग टोमॅटोचे काय?

आता तो मेसेज. 1991 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने विंटर फ्लाउंडर या माशाचे गोठणरोधक जनुक टोमॅटोच्या रोपात घालून शेतात प्रयोग केला होता, हे खरे आहे. थंडीत टोमॅटो खराब होऊ नयेत हा हेतू होता. तो टोमॅटो बाजारात कधीच आला नाही. 1994 मध्ये अमेरिकेत दुसरा एक जनुक बदललेला टोमॅटो विकायला आला, त्यात माशाचे काही नव्हते. लोकांनी या दोन गोष्टी एकत्र केल्या आणि मेसेज तीस वर्षे फिरत राहिला. आपल्या मंडईतल्या टोमॅटोत माशाचे जनुक नाही. भारतात जनुक बदललेला टोमॅटो विकायला परवानगीच नाही. तेव्हा टोमॅटोचे सार निर्धास्त करा.

आइस्क्रीमची गोष्ट मात्र खरी आहे आणि ती कमी जणींना माहीत आहे. ओशन पाउट माशाच्या त्याच गोठणरोधक प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घालून, यीस्टकडून ते प्रथिन तयार करून घेतात. मग यीस्ट गाळून टाकतात आणि प्रथिन आइस्क्रीममध्ये वापरतात, म्हणजे कचकच होत नाही. अमेरिकेत 2003 पासून हा रस्ता मोकळा झाला, युरोपात 2009 मध्ये परवानगी मिळाली. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी पाकिटावर "आइस स्ट्रक्चरिंग प्रोटीन" हे शब्द ओळखून ठेवावेत.

त्यात मासा आहे का? माशाच्या अंगाचा एक कणही नाही. माशाच्या शरीराने जे घडवायला शिकले होते त्याची नक्कल आहे. मग हे शाकाहारी म्हणायचे का?

इथे घाईने "नाही" म्हणण्याआधी इन्सुलिन आठवू. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढत. मधुमेहाच्या रुग्णाला जगायचे तर दुसरा मार्ग नव्हता. 1982 साली जिवाणूत माणसाचे जनुक घालून बनवलेले इन्सुलिन अमेरिकेत मंजूर झाले आणि कत्तलखान्यावरचे ते अवलंबित्व संपत गेले. चीजचेही तसेच. दूध विरजायला लागणारे रेनेट दूधपित्या वासराच्या पोटातून काढत. 1990 मध्ये तेच काम करणारे किमोसिन सूक्ष्मजीवांकडून तयार करून घ्यायला परवानगी मिळाली आणि असंख्य वासरे वाचली. म्हणजे जनुकाचे तंत्र मुळातच पाप आहे असे म्हणता येत नाही. सुरीने भाजीही चिरतात. तिने काय चिरले, कशासाठी चिरले, हे पाहायचे.

आपल्याकडची मोजपट्टी

हे पाहण्यासाठी नवे शास्त्र लिहायची गरज नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. आपण ते प्रतिक्रमणात म्हणतो, पण अर्थ नीट पाहत नाही. बंध म्हणजे बांधून ठेवणे, वध म्हणजे मारहाण, छेद म्हणजे अवयव कापणे, अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे दाणापाणी रोखणे. हे पाचही अतिचार जीव न मारता होतात. म्हणजे आपल्या आचार्यांनी "मारले नाही ना, मग झाले" असे म्हणू दिलेले नाही. पाळलेल्या प्राण्याला तुम्ही कसे जगवता, हाही व्रताचाच भाग आहे.

या मोजपट्टीने बघू. पूर्वी ओझे बैलाच्या पाठीवर लादत. वाढीचे जनुक ओझे शरीराच्या आतूनच लादते. अमेरिकेच्या बेल्ट्सविल संशोधन केंद्रात 1980 च्या दशकात डुकरांना वाढीचे जादा जनुक दिले, तर त्यांना सांधेदुखी आणि पोटातले अल्सर झाले. कॅनडातल्या रॉबर्ट डेव्हलिन यांच्या कोहो सॅल्मनमध्ये फार वेगाने वाढलेल्या माशांची डोकी आणि जबडे वेडेवाकडे झाले. अ‍ॅक्वाबाउंटीच्या माशांच्या तपासणीतही जबड्याची झीज आणि काही व्यंगे नोंदली गेली. अशी व्यंगे साध्या पाळीव सॅल्मनमध्येही दिसतात, असे प्रशासनाने म्हटले. ते खरे असेलही. पण मग पाळीव सॅल्मनच्याही पाठीवर ओझे आहेच, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट वंध्यत्वाची. हा मासा निसटला तरी त्याची पिलावळ होऊ नये म्हणून कंपनी सगळ्या माद्याच वाढवत असे. फळलेल्या अंड्यांवर मोठा दाब देऊन गुणसूत्रांचे दोन संच असतात तिथे तीन ठेवत, म्हणजे मासा वांझ होतो. निसर्ग वाचवण्यासाठी ही काळजी घेतली, हे मान्य. पण श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांची यादी काढून पाहा. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात ती दिली आहे. त्यात निर्लांछन कर्म आहे, म्हणजे जनावरांना डागणे, त्यांचे अवयव छेदणे, खच्ची करणे यावर पोट भरणे. सरःशोष आहे, म्हणजे तळी आटवणे, कारण त्यात जलचर तडफडून मरतात. अशोकाच्या स्तंभलेखातला खच्चीकरणाचा मुद्दाही हाच. आज चाकू नाही, दाब देणारे यंत्र आहे आणि ते अंड्यावरच चालते. आचार्यांना हे यंत्र माहीत नव्हते, पण त्यामागची वृत्ती त्यांनी ओळखली होती.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की मासा लवकर वाढला तर खाद्य कमी लागते आणि समुद्रातली मासेमारी कमी होते. पाळीव सॅल्मनला खाऊ घालण्यासाठी समुद्रातले छोटे मासे लाखोंनी पकडून त्यांची भुकटी करतात. म्हणून खाद्य वाचले तर ते जीवही वाचतील, हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण हिशोब पुरा मांडला पाहिजे. तेवढ्याच वजनाच्या मांसाला मासे तेवढेच मरतात, फक्त प्रत्येकाचे आयुष्य निम्मे होते. टाकी लवकर रिकामी होते आणि लवकर पुन्हा भरते. एका टाकीतून वर्षाकाठी जाणारे जीव वाढतात.

भूक काढून घेतलेला नव्हे, तृप्ती काढून घेतलेला मासा

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केले ते जपानच्या एका माशाने. तिथे बाहेरचे जनुक न घालता माशाचे स्वतःचेच जनुक कात्रीने कापावे तसे कापून बंद करतात. 2021 मध्ये असे दोन मासे विक्रीला मोकळे झाले. पहिला माडाई, म्हणजे लाल सी ब्रीम. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे त्याचे जनुक बंद केले, म्हणून मांस जास्त. दुसरा फुगु. लेप्टिन नावाचे संप्रेरक मेंदूला "आता पुरे" असा निरोप देते. तो निरोप घेणारे जनुकच फुगुमध्ये बंद केले. मासा खात राहतो आणि कंपनीच्या सांगण्यानुसार जवळपास दुप्पट वेगाने वाढतो. क्योतो प्रांतातल्या मियाझू शहराने हा मासा देणगीदारांना परतभेट म्हणून देऊ केला, तेव्हा तिथल्या काही नागरिकांनीच हरकत घेतली.

मैत्रिणींनो, आपल्या बारा तपांत दुसरे तप अवमौदर्य आहे, भूक असताना दोन घास कमी खाऊन उठणे. उपवासापेक्षा ते अवघड, हे दशलक्षणात आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. पोट भरल्यावर "पुरे" म्हणता येणे ही केवढी देणगी आहे, हे तेव्हा कळते. त्या जिवाला ते "पुरे"च राहू दिलेले नाही. अन्नपाननिरोधाचा अतिचार अन्न रोखण्याचा आहे. इथे अन्न रोखलेले नाही, तृप्ती रोखलेली आहे. शास्त्रात याला शब्द नाही, कारण असे कोणी करील हे कोणाच्या मनात आले नसावे. आणि हे कशासाठी? तर आपल्या माणूसजातीचे "पुरे" हरवले आहे म्हणून. आपली तृप्ती गेली, तिची किंमत माशाने भरायची.

आपल्या देशात

आपल्याकडे जनुक बदललेला कोणताही प्राणी खाण्यासाठी विकायला आजवर परवानगी मिळालेली नाही. प्रयोग मात्र झाले आहेत. मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. टी. जे. पांडियन यांच्या गटाने रोहू माशात रोहूचेच वाढीचे जनुक जादा घालून कित्येक पट वेगाने वाढणारा रोहू तयार केला, त्याचा निबंध 2004 मध्ये आला. त्याआधी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी एका माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून तळ्यात पिले मिळवली. तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यामुळे लाखो गरीब कुटुंबांची पोटे भरली, हे विसरून चालणार नाही. कोळी भगिनींना किंवा बंगालमधल्या गृहिणीला नावे ठेवायला मी हे लिहीत नाही. आपली मोजपट्टी आधी आपल्याला लावायची असते.

आपल्याला लागू होते ते लेबल. आपल्या कायद्यात मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येत गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले प्राणी स्पष्ट धरलेले आहेत, दूध आणि मध वगळला आहे. यीस्टने बनवलेल्या माशाच्या प्रथिनाचे काय, हे त्या व्याख्येत लिहिलेले नाही. म्हणूनच डिसेंबर 2021 मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश महत्त्वाचा आहे. पदार्थातला घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेत बनवलेला, हे त्याचे प्रमाण कितीही कमी असले तरी सांगितले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. नुसता सांकेतिक क्रमांक देऊन भागणार नाही. त्याच सुमारास, नोव्हेंबर 2021 मध्ये, एफएसएसएआयने जनुक बदललेल्या अन्नाच्या नियमांचा मसुदा काढून लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. 2010 साली बीटी वांग्याला स्थगिती मिळाली, त्याआधी वेगवेगळ्या शहरांतल्या जाहीर सुनावण्यांत लोक बोलले होते. आपण मात्र स्वाध्यायात बोलतो आणि मसुद्यावर गप्प बसतो. असा मसुदा पुन्हा आला की मंडळाच्या नावाने एक पत्र तरी जायला हवे. लेबल स्पष्ट असावे, एवढी मागणी पुरे आहे.

घरात काय करायचे, ते थोडक्यात सांगते. मेसेज पुढे पाठवण्याआधी तो तपासा, कारण खोटी भीती पसरवणे हाही सत्याणुव्रताला लागणारा डागच. औषधाच्या बाबतीत घरातल्या वृद्धांना घाबरवू नका, आजचे इन्सुलिन कत्तलखान्यातून येत नाही. चीज घेताना हिरवा ठिपका पाहा. परदेशी आइस्क्रीम आणि मिठाई घेताना घटक वाचा. माशाच्या जनुकावरून बनवलेले प्रथिन मी स्वतः घेणार नाही. त्यात मांस आहे म्हणून नव्हे. आइस्क्रीमची कचकच ही काही जीव वाचवण्याइतकी गरज नाही म्हणून. इन्सुलिनसाठी मी वेगळा निर्णय घेते आणि या दोन निर्णयांत मला विरोध दिसत नाही. कोणाला दिसत असेल तर तिने आपल्या माताजींना जरूर विचारावे.

आणि भाचीचे उत्तर. तिला मी चार हिंसा आठवायला सांगितल्या. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, संकल्पी हिंसा मात्र टाळायचीच. पोटासाठी शेती करताना जीव मरतात, तिथे हेतू धान्याचा असतो. मासा अधिक लवकर कापता यावा म्हणून त्याचे शरीर बदलणे, यात हेतूच कापण्याचा आहे. कृत, कारित आणि अनुमोदन या तिन्ही वाटांनी कर्म बांधले जाते, प्रयोगशाळेच्या वहीतली सहीसुद्धा त्यातच येते. हेही सांगितले, की तिच्या विषयाला पाठ फिरवू नकोस. वासरांना वाचवणारे किमोसिन तिच्यासारख्याच कोणा शिकलेल्या मुलामुलींनी घडवले. माशांच्या रोगांवर, पाण्याच्या शुद्धीवर, प्राण्याशिवाय औषध बनवण्यावर काम करणारे गट आहेत, तिथे विचार.

तिने मार्गदर्शकांकडे विषय बदलून मागितला आहे. उत्तर अजून आलेले नाही. प्रकल्प एक सत्र लांबेल कदाचित, आणि त्याबद्दल माझी बहीण माझ्यावर थोडी रागावली आहे. तिचा राग मला समजतो. फी तिला भरायची आहे.

जय जिनेंद्र.